दोरीचं दाताळं, दोन हंगामांनंतर: जलपर्णीला भारी, बाकीच्यांना जपून

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका: ५ पैकी ३.५. कापलेल्या दीड गुणांतला अर्धा दोरीचा. उरलेला एक खोक्यावरच्या मजकुराचा. तिथे ठळक अक्षरांत छापलंय, 'सर्व पाणतणांसाठी'. या दोन शब्दांपायी आमचा एक हंगाम वाया गेला. नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं, तो वर काम वाढवून गेला. ते पुढे येतंच.

वस्तू अशी: ॲल्युमिनियमचं डोकं, ९० सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना दाते. चार नळ्या एकात एक बसवून होणारा दांडा. दांड्याच्या टोकाला कडी आणि कडीला बांधायला १० मीटर दोरी. सोबत फोमचा एक लांबडा तरंगा येतो. तो चढवला की डोकं पाण्यावर राहतं, काढला की तळाला जातं. काठावर उभं राहायचं, फेकायचं, दोरीनं ओढायचं. बस.

मी तशी पक्षी मोजणारी बाई. गळ्यात दुर्बीण, पायात गमबूट, हातात वही. तणाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण ज्या दलदलीत मी वर्षानुवर्षं मोजणी करते, तिथे एका वर्षी पाणीच दिसेना. एकसारखा हिरवा गालिचा, वर जांभळी फुलं, फोटो काढणारे खूश. बदकं मात्र नाहीत. त्यांना उतरायला मोकळं पाणी लागतं, बुडी मारणाऱ्यांना तर लागतंच. ती गालिच्यावर येऊन काय करणार? कमळपक्षी आपली लांब बोटं टाकत आरामात फिरत होते, जांभळ्या पाणकोंबड्याही वाढल्या होत्या. म्हणून जलपर्णीनं पक्षी संपवले असं कोणी म्हणालं की मी वही उघडते. संपले नाहीत. यादी आखूड झाली आणि यादीतल्या दोन-तीन नावांपुढचे आकडे फुगले.

तर आम्ही सहाजण, आठवड्यातून एक सकाळ, आणि हे दाताळं.

जलपर्णीसाठी ते खरोखर चांगलं आहे, फक्त फेकायचं कुठे ते कळायला हवं. नवखा माणूस हौसेनं गालिच्याच्या मध्यावर फेकतो. दाते मस्त अडकतात, आणि मग ओढलं की काहीच हलत नाही, उलट ओढणाऱ्याचेच पाय चिखलात जातात. कारण तो गालिचा विणलेला असतो. एका रोपातून आडवा देठ धावतो, त्याच्या टोकाला पुढचं रोप, त्यातून पुन्हा देठ. तुम्ही एक रोप ओढत नसता, सगळं अंगण ओढत असता. आम्ही शिकलो ते असं: लांब दांड्याच्या विळ्यानं कडेचा हातभर रुंद पट्टा आधी तोडून सुटा करायचा, मग तरंगा लावलेलं दाताळं त्या पट्ट्याच्या पलीकडच्या काठावर टाकायचं आणि झटका न देता, बैल चालतो तशा चालीनं मागे चालत जायचं. पट्टा सरळ काठाला लागतो. या कामात दाताळ्याला पैकीच्या पैकी.

वजनाची कल्पना मात्र आधी करून ठेवा. पहिल्या महिन्यात मी हट्टानं काटा घेऊन गेले. १० किलो ओली जलपर्णी फळीवर पसरून वाळवली. कडकडीत झाल्यावर भरली पाऊण किलोपेक्षा थोडी कमी. म्हणजे सव्वानऊ किलो पाणी मी पाण्यातून काढून काठावर ठेवलं होतं, आणि त्याबद्दल खांद्याला शेक घेत होते.

काठावर आलेल्या पहिल्या पट्ट्यातलं एक रोप उचलून पांढऱ्या टबात झटकून बघा. मुळं झुपकेदार, काळपट जांभळी, भिजलेल्या पिसांसारखी. टबात पडतात चतुरांची पिल्लं, पेराएवढे झिंगे, चपट्या गोगलगाई. एकदा तर बोटभर मासा निघाला. हे बघितल्यावर आमच्यातली एकजण म्हणाली, 'अहो, मग आपण हे काढतोय कशाला? एवढं तर जगतंय इथे!' प्रश्न रास्त होता. उत्तर पुढच्या पट्ट्यांनी दिलं. आम्ही आत सरकत गेलो तसा टब रिकामा होत गेला. काठापासून पंधरा पावलांवरचं रोप झटकलं तर दोन गोगलगाई आणि काळं पाणी. तिथला गाळ ढवळला तर कुजक्या अंड्याचा वास. जीव होता तो कडेला, जिथे एका बाजूला मोकळं पाणी होतं.

आत असं का होतं, हे समजलं की दाताळं कुठे चालवायचं तेही कळतं. बुडीक वनस्पती आपला प्राणवायू पाण्यात सोडते. जलपर्णीची पानं पाण्याबाहेर, त्यामुळे तिचा प्राणवायू जातो हवेत. वर झाकण असल्यानं वारा पाणी हलवू शकत नाही, हवा मिसळत नाही. उजेड खाली पोचत नाही, म्हणून खालची वनस्पती मरते. आणि वरून जुनी पानं सतत गळत राहतात, ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू पिऊन टाकतात. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक माशांचं काही खरं नाही. वर येऊन हवा घेऊ शकणारे काही तगतात. खोल तळ्यात ही पानं निदान तळाला जाऊन बसतात. दलदल गुडघाभर. तिथे गाळ चढतो, गालिच्यावरच लव्हाळे आणि गवत उगवायला लागतं, आणि काही वर्षांत जिथे पाय बुडायचा तिथे माणूस चालत जातो. तळ्याचं पाणी जलपर्णी झाकते. दलदलीचं पाणी ती भरून टाकते.

म्हणून आम्ही सगळीकडे थोडं थोडं ओरबाडणं सोडलं आणि एक कोपरा निवडून तो मोकळा ठेवायचं ठरवलं. त्यामागे साधा हिशोब आहे. चांगल्या हवामानात, खत मिळालेल्या पाण्यात, जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. दोन आठवडे धरले तरी आहे तेवढीच राखायला दर आठवड्याला जवळपास तीन दशांश उचलावी लागते. घटवायची तर त्याहून जास्त. हातानं ओढायच्या अवजारानं हे एका लहान कोपऱ्यातच जमतं. आणि बी? ते चिखलात वीस वर्षंही दम धरून राहू शकतं. खोक्यावर 'कायमची सुटका' असंही छापलंय, त्याबद्दल मी गुण कापले नाहीत, हसून सोडून दिलं.

एक सवय मात्र लावून घ्या. ओढलेला ढीग रात्रभर पाण्यापासून हातभर अंतरावर ठेवा, दुसऱ्या दिवशी लांब न्या. रात्रभर यासाठी, की झिंगे, गोगलगाई, चतुरांची पिल्लं यांतली बरीचशी स्वतःच घसरत पाण्यात परत जातात. लांब यासाठी, की त्या पानांत दलदलीतला नायट्रोजन नि फॉस्फरस भरलेला असतो. काठावरच कुजू दिलं तर पहिल्या पावसात तो पुन्हा आत. ज्या सांडपाण्यावर आणि शेतातून वाहून आलेल्या खतावर हे तण पोसतं, ते वरून चालू असताना निदान काढलेलं तरी परत देऊ नये.

आता साल्व्हिनिया. जलपर्णीच्या फटींत बारीक पानांची जी हिरवी साय दिसते ती. ती जलपर्णीची धाकटी बहीण वगैरे नाही, ती फर्न आहे. पान हातात घेऊन भिंगातून बघा: वर उभे केस, आणि चार-चार केस टोकाशी एकत्र येऊन इवले इवले पिंजरे झालेले. वर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा घरंगळतो. बघायला सुरेख, पण दाताळ्याला दाद देत नाही. दात्यांमधलं अंतर पाच सेंटिमीटर, साल्व्हिनिया त्यातून हसत निघून जाते, जाताना तुटते, आणि तुटलेला प्रत्येक डोळा नवं रोप. हिला बीजाणूंची गरजच नाही, ती या बाबतीत वांझ आहे. सगळा पसारा तुकड्यांवर. थोडक्यात, मी दाताळ्यानं तिची कलमं करत होते.

यावर एक जुगाड चाललं. हिरव्या शेडनेटचा तुकडा दात्यांवर ताणून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधला. दाताळ्याची झोळी झाली. तरंगा लावून हळू ओढली की साय गोळा होते. पाणी निथळायला वेळ लागतो आणि ओझं भलतंच होतं, पण निघते. हे जाळं निर्मात्यानं खोक्यात दिलं असतं तर मी चार गुण दिले असते.

साल्व्हिनियाची गोष्ट मी तण काढायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते, कारण ओळख चुकल्यावर काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवर कारिबा धरणाचं पाणी अडवलं १९५८च्या अखेरीस. १९५९ मध्ये त्यावर ही फर्न दिसली, आणि १९६२ पर्यंत तिनं जवळजवळ १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकलं. सगळे तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. त्या वनस्पतीवर जगणारे किडे दक्षिण अमेरिकेतून आणून सोडले, तर फारसं काही होईना. १९७२ मध्ये मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवलं की ही जातच वेगळी, आणि तिला नाव मिळालं साल्व्हिनिया मोलेस्टा. मग तिचं खरं माहेर शोधलं, ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं, आणि तिथे तिच्यावर जगणारा एक चिमुकला सोंडकिडा मिळाला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मूनडारा तलावात सोडला आणि वर्ष-सव्वा वर्षात तिथला गालिचा बसला. गंमत म्हणजे हा किडाही आधी ओळखीच्याच जातीचा वाटला होता. तो वेगळा आहे हे ठरून त्याला सिर्टोबॅगस साल्व्हिनिए हे नाव मिळेपर्यंत १९८५ उजाडलं. झाडाचं नाव चुकलं होतं, किड्याचंही चुकलं होतं, आणि तोवर पाणी झाकलेलं ते झाकलेलंच.

खोक्यावरच्या 'सर्व' या शब्दावर माझा राग का आहे, ते आता कळेल. कारण आमचीही ओळख चुकली होती.

दलदलीच्या एका अंगाला पोकळ देठांची, समोरासमोर पानं असलेली, कागदी पांढऱ्या गोंड्यांसारखी फुलं येणारी एक वेल काठावरून पाण्यात उतरत होती. आम्ही म्हटलं, काहीतरी रानभाजीच्या कुळातलं असेल, ओढा. दाताळ्यानं ती जी काय ओढली म्हणता! लोण्यासारखी. एका सकाळी ढीगच्या ढीग. आम्ही फोटो काढले, पाठी थोपटल्या. तीन आठवड्यांनी आमच्यातला सर्वांत लहान मुलगा समोरच्या काठावरून ओरडला, 'ताई, तुम्ही इथे पेरणी केलीत का?' जिकडे पाणी वाहतं त्या सगळ्या बाजूला, ओळीनं, नवे कोंब. दाताळ्यानं देठ पेरापेरावर तोडले होते आणि प्रत्येक पेराला मुळं फुटली होती. ओल्या काठावर ठेवलेला आमचा अभिमानाचा ढीग? तोही रुजला होता.

ती होती ॲलिगेटर वीड, दक्षिण अमेरिकेतली. पाण्यावर वाढते, जमिनीवरही वाढते. अमेरिकेत तिच्यावर १९६४ मध्ये एक पिसूभुंगेरा सोडला; पाण्यावर तरंगणारी वेल तो फस्त करतो, जमिनीवर चढलेल्या वेलीपुढे फारसं चालत नाही. आमच्या हाती राहिलं ते गुडघ्यावर बसून खुरप्यानं मुळासकट खणणं आणि तुटलेला प्रत्येक तुकडा वेचून पोत्यात भरणं. पुढचा अख्खा हंगाम त्यात गेला. अजून संपलेलं नाही.

विक्रेत्याला मी हे सविस्तर कळवलं. उत्तर आलं: 'मॅडम, आम्ही तण ओढलं जाईल असं म्हटलंय, परत येणार नाही असं म्हटलेलं नाही.' उत्तराला दाद द्यावीशी वाटली, गुण तरी कापलाच.

हायड्रिलासारख्या बुडीक तणाला तरंगा काढून तळातून ओढायचं असतं. ते मी दुसऱ्या एका पाण्यावर दोनच वेळा केलं. निघतं भरपूर, पण तुकडे होतातच आणि तळातले कंद गाळातच राहतात. फ्लोरिडात १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती पोचली आणि तिथल्या लोकांच्या मानेवर बसली ती अजून उतरलेली नाही. थोडी जागा तात्पुरती मोकळी हवी असेल तरच हात घाला.

आणि पाणकणीस, लव्हाळे, नळ यांच्यात हे दाताळं शक्यतो चालवू नका. दाते काय, समोर येईल ते उपटतात. त्याच्यात घरटी असतात.

अवजाराच्या तक्रारी. दोरी पिळाच्या गुळगुळीत नायलॉनची, गाठ धरत नाही. चौथ्या फेरीला कडीपाशी सुटली आणि डोकं, दांडा, सगळं पाण्यात बसलं. तरंगा त्या दिवशी काढलेला होता, अर्थात. दोन बांबू एकमेकांना बांधून तासाभरानं काढलं. त्यानंतर जाड पॉलिप्रॉपिलीनची दोरी लावली. ती पाण्यावर तरंगते, त्यामुळे सुटली तरी टोक दिसतं. ॲल्युमिनियमचे दाते खोडाला अडकून दोनदा वाकले. सरळ होतात, पण त्यांतल्या एकाच्या बुडाशी आता चीर दिसते. तरंग्याचा फोम दुसऱ्या हंगामात कडेनं कुरतडल्यासारखा झडायला लागला. दलदल साफ करायला गेलेल्या वस्तूनं पाण्यात फोमचे कण सोडावेत, हे काही बरं नाही. मी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं कव्हर चढवलंय. दांड्याच्या सांध्यातली स्प्रिंगची बटणं चिखलानं अडतात, दर वेळी धुवावी लागतात.

सगळ्यांत मोठा दोष कोणाच्या लक्षात येत नाही: नळ्या पोकळ आहेत आणि टोकाची टोपणं सैल. दाताळं घरी आणून तीन दिवस उभं ठेवलं होतं. चौथ्या दिवशी नळी उलटी केली तर थोडं पाणी आणि त्यात साल्व्हिनियाचा हिरवागार तुकडा. मी तेच दाताळं घेऊन त्या दुपारी दुसऱ्या पाण्यावर जाणार होते! न्यूझीलंडमध्ये होड्या आणि मासेमारीचं सामान घेऊन फिरणाऱ्यांना 'तपासा, धुवा, वाळवा' असं बजावतात, ते उगाच नाही. आता मी नळ्यांची तोंडं मेणानं बुजवली आहेत आणि तरीही उन्हात उलटी टांगते.

याच्याऐवजी दुसरं काय, असं विचाराल तर: तण कापून गोळा करणारी यंत्रहोडी मोठ्या, खोल पाण्याला ठीक. गुडघाभर पाण्यात तिची चाकं गाळात रुततात. फवारणी मी जवळून पाहिली आहे एकदा. गालिचा आठवड्यात तपकिरी झाला, मग एकदम खाली बसला आणि कुजला, आणि मासे तोंड वर काढून श्वास घ्यायला आले. काही जागी ती लागत असेल, पण तुकड्या-तुकड्यानं करायला हवी, आणि मेलेलं तण उचलायला हवं. सोंडकिडे हा सबुरीचा मार्ग. व्हिक्टोरिया सरोवरात जलपर्णी १९८०च्या दशकाच्या शेवटी दिसली, नव्वदच्या दशकात तिनं बंदरं आणि मासेमारी रोखली, आणि १९९५च्या सुमारास सोडलेल्या निओकेटिना जातीच्या सोंडकिड्यांनी, इतर कारणांच्या जोडीनं, दशक सरता सरता ती बरीच खाली आणली. नंतर ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढतेच. आणि नुसतं कुंपण घालून निसर्गावर सोडून द्या म्हणणाऱ्यांना मी राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी-उद्यानाची गोष्ट सांगते: तिथे १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली, तर पास्पॅलम गवतानं उथळ पाणी भरून काढलं आणि बदकांची जागाच गेली.

तर कोणी घ्यावं? लहान पाणथळ, काठावर उभं राहायला घट्ट जागा, समोर मुख्यतः जलपर्णी किंवा तिच्यासारखीच तरंगती, हाताएवढी रोपं, आणि आठवड्यातून एकदा न चुकता येणारी किमान चार माणसं असतील तर जरूर घ्या. दोरी पहिल्याच दिवशी बदला. शेडनेट जवळ ठेवा. समोरचं तण ओळखता येत नसेल तर फोटो काढून जाणकाराला दाखवेपर्यंत दाताळं खोक्यातच राहू द्या. एकट्या माणसानं घेऊ नये. मी एकदा एकटी गेले होते, परत येताना गमबूट एकच होता.

परवा शेजारच्या एका गटानं दोन दिवसांसाठी मागून नेलं. मी कोरडं करून दिलं, आणि कोरडं करूनच परत आणा म्हणून तीनदा बजावलं. रविवारी दारात उभं करून गेले, धुतलेलं, चकचकीत. मेणाची बुचं त्यांनी काढून टाकली होती, 'पाणी निघून जावं म्हणून'. नळी उलटी केली. दोन पानं आणि एक गोगलगाय.